अप्पांचं अर्धं कीर्तन

अप्पा "आता पुरे" म्हणाले त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले, आणि मी दोन्ही पक्षांत होते.

बाबांचं म्हणणं, पुरे तर पुरे, पण मग ते थाटात व्हायला हवं: शाल, श्रीफळ, मानपत्र, प्रमुख पाहुणे. आजीचं म्हणणं, पुरे म्हणजे काय? हातपाय चालतात, घसा चालतो, मग कीर्तन का थांबवायचं?

"घरी बसून हे करणार काय?" आजी विचारायची. "मलाच कीर्तन ऐकवणार! दूध उतू का गेलं यावर अर्धा तास निरूपण, मग राजा शलमोनाच्या घरी दूध कसं तापवायचे त्याचं आख्यान."

ख्रिस्ती माणसांचं कीर्तन असतं हे माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना सांगून सांगून मी दमले. असतं! अंगरखा, पागोटं, चिपळ्या, पेटी, तबला, सगळं असतं. पूर्वरंगात शास्त्रातलं एक वचन घेऊन निरूपण, मग मध्यंतर, मग उत्तररंगात बायबलातलं आख्यान. माझे आजोबा, म्हणजे अप्पा, दौलतराव पाटोळे, नगरकडून परळला आले ते हे कीर्तन उपरण्यात बांधूनच. चाळीस वर्षं त्यांनी ते केलं. आई पेटीवर, कुशाबा कंपाउंडर तबल्यावर, आणि दोन वर्षांपासून झांजेवर मी, सुनेत्रा.

शेवटच्या कीर्तनासाठी बाबांनी फेब्रुवारीतच मंडळीचं सभागृह सांगून ठेवलं होतं. रविवार, एक मे, संध्याकाळी पाच. आणि मग महाराष्ट्र राज्यानेही जन्माला यायला नेमका तोच दिवस धरला.

"आधी मी सांगितलं होतं!" बाबा पेपर आपटत म्हणाले. जणू काही त्यांची पावती बघून राज्याने सोमवारी जन्म घ्यायला हवा होता. बाबा मंडळीचे चिटणीस आहेत आणि दिवसभर कचेरीत फायली लावतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट नोंदवल्याप्रमाणे व्हावी असं त्यांना वाटतं.

त्या रविवारी सकाळची उपासना करून आलो तर रस्त्यावर तोरणं, खिडक्यांतून गुढ्या, आणि आमच्या घरात बाबा मानपत्र हातात घेऊन उभे.

"अप्पा, 'सत्यमार्गाचा पांथस्थ' ठेवू की 'भवसागरातला दीपस्तंभ'?"

"पांथस्थ ठेव. दीपस्तंभाला जागेवरून हलता येत नाही," अप्पा म्हणाले. ते दाढी करत होते.

"पण खरंच का थांबताय?" आजीने सतराव्यांदा विचारलं.

"यशोदा, पेरायचा समय असतो आणि उपटायचाही असतो. बायबलातल्या उपदेशकाने लिहून ठेवलंय. आवाज फाटला की लोक दया करून ऐकतात. मला दयेवर कीर्तन करायचं नाही." मग त्यांनी वस्तरा पुसला. "आणि शेवट नीट करायचा असतो. सुरुवात काय, कुणीही करतं."

मी त्याच आठवड्यात अकरावीत गेले होते, वर्गात तिसरी. त्यामुळे मला वाटलं, आपण बोलायला हरकत नाही.

"मग गंगाधरकाका येणार?"

आईच्या हातातला झारा कढईवर थांबला. बाबांनी मानपत्राची घडी घातली आणि उघडून पुन्हा घातली. आजी माझ्याकडे असं बघायला लागली की मला वाटलं, आता कान गेला.

अप्पा आरशातच बघत म्हणाले, "अंगरखा इस्त्रीचा आहे का बघ."

*

गंगाधरकाका म्हणजे अप्पांचा धाकटा मुलगा, लालबागच्या एका गिरणीत वायरमन. छप्पन साली तो संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला आणि तीन आठवडे तुरुंगात होता. सुटला त्या दिवशी रविवार होता. तो घरी न जाता सरळ सभागृहात आला, कारण त्याला ठाऊक होतं की त्या वेळी आम्ही सगळे तिथेच असणार. मागच्या रांगेत येऊन बसला. मी अकरा वर्षांची होते. मी त्याला हात केला, त्यानेही केला. दाढी वाढलेली, पण हसत होता.

अप्पांचं आख्यान चालू होतं उधळ्या पुत्राचं. बापाच्या मिळकतीचा वाटा घेऊन दूरदेशी गेला, सगळं उडवलं, शेवटी डुकरांच्या शेंगांवर आला, तो. अप्पांचं हे आख्यान इतकं गाजलेलं की नाशिकपर्यंत बोलावणी यायची. त्यांनी काकाला आत येताना पाहिलं. आणि त्यांना ती कोटी सुचली.

"मंडळी, आमच्याकडेही एक चिरंजीव दूरदेशी गेले होते," ते चिपळी वाजवून म्हणाले. "त्यांनी शेंगा नाही खाल्ल्या. सरकारी भाकर खाल्ली. वजन वाढवून आलेत, वळून बघा!"

दोनशे माणसं वळली आणि हसली. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

काका उठला आणि निघून गेला. चार वर्षं झाली. तो अप्पांशी बोलला नाही आणि अप्पा त्याच्याशी. लग्न केलं तेही गिरणीतल्या चार दोस्तांना आणि एका पाळकांना घेऊन, भायखळ्याला. घरात त्याचं नाव निघालं की अप्पांना लगेच काहीतरी शोधायचं असायचं. चष्मा, नाहीतर अंगरखा.

*

पाच वाजता सभागृह भरलं. बाबा दारात उभे राहून मोजत होते आणि चकित होत होते. छातीवर बिल्ले लावलेली माणसं मिरवणुकीतून परस्पर आली होती. प्रमुख पाहुणे म्हणजे गिरगावातल्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, पहिल्या रांगेत खुर्चीवर.

छापील पत्रिकेत होतं, पूर्वरंग: मत्तय पाच. आख्यान: उधळ्या पुत्र.

अप्पा उभे राहिले. सांगते तुम्हाला, तसा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. पहिलीच तान अशी गेली की कुशाबांचा डग्गा क्षणभर चुकला आणि आईने पेटीवरून मान वर केली. मी झांज वाजवत होते आणि माझ्या अंगावर काटा होता.

मग निरूपण. "प्रभू म्हणतो, तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास. कोकरू आणलंस, धान्य आणलंस, जे तुझ्यापाशी उत्तम ते आणलंस. चांगली गोष्ट. आणि तिथे, वेदीपाशीच, तुला आठवलं की आपल्या माणसाच्या मनात आपल्याविषयी सल आहे. तर काय कर? पाळकाला विचार? नाही. प्रार्थना लांबव? नाही. अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. तिथे तुला आठवलं की..."

अप्पा थांबले.

"आठवलं की," ते पुन्हा म्हणाले आणि पुन्हा थांबले.

लोकांना वाटलं, विराम घेतला. आईने पेटीवर सूर धरून ठेवला. पहिल्या रांगेतून बाबा कुजबुजले, "आपल्या भावाच्या मनात, अप्पा. भावाच्या मनात!"

"मी विसरलो नाही रे मन्या," अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "मला आठवलंय."

त्यांनी चिपळ्या पेटीवर ठेवल्या. उपरणं काढून त्याची घडी केली आणि तीही ठेवली.

"मंडळी, मध्यंतर. लीला," ते आईला म्हणाले, "भजन धर. मी येईपर्यंत सोडू नकोस."

आणि व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरून, मधल्या वाटेने, लोकांच्या गुडघ्यांना लागत, ते दारातून बाहेर गेले. अनवाणी.

बाबा उभे. "अप्पा! प्रमुख पाहुणे!"

"त्यांना सरबत दे!" बाहेरून आवाज आला.

मी झांज कुशाबांच्या मांडीवर टाकली आणि पळाले. दारातल्या ढिगाऱ्यातून अप्पांच्या चपला शोधल्या, माझ्या काही सापडल्या नाहीत.

*

मी त्यांना नाक्यावर गाठलं. सत्तरीचा माणूस, एक गुडघा दुखरा, पण चालत होता बघा कसा! रस्ता माणसांनी फुललेला. ट्राम अडकून उभ्या होत्या आणि त्यांच्या टपांवरही माणसं. कुणीतरी अप्पांच्या पागोट्यावर गुलाल टाकला. अप्पा त्याला "सलाम" म्हणाले आणि चालत राहिले.

"अप्पा, चपला."

"घालतो. सुनू, गंगा नेमका कुठे राहतो गं? लालबाग एवढंच ठाऊक आहे मला."

मी हातातल्या चपलांकडे बघायला लागले. कारण मला नेमकं ठाऊक होतं. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आजी "महिला मंडळाची प्रार्थना आहे" म्हणून निघते, मला बरोबर घेते, आणि आम्ही काकाकडे जाऊन शकूकाकीच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं खाऊन येतो.

"सांग की."

"मार्केटच्या पुढची गल्ली," मी म्हटलं. "चाळीला हिरवं फाटक आहे. म्हणजे, असं मी ऐकलंय."

"ऐकलंयस?"

"आजीबरोबर. दर महिन्याला ऐकते."

अप्पा एक चप्पल घालून आणि दुसरी हातात घेऊन तसेच उभे राहिले. "महिला मंडळ?"

"हो."

"तरी म्हटलं, प्रार्थनेहून आली की हिच्या पदराला मासळीचा वास कसा!"

मला वाटलं, आता चिडतील. तेवढ्यात मागून बाबा आले, धापा टाकत, खिशातून मानपत्र डोकावत होतं.

"अप्पा, परत चला. मी हात जोडतो. लोक काय म्हणतील? आपण गंगाला उद्या भेटू, रीतसर."

"आज."

"पण..." बाबांनी डावीकडे पाहिलं आणि नाइलाजाने म्हणाले, "मग इकडून नका जाऊ, मार्केटपाशी गर्दी आहे. या बोळातून त्याच्या मागच्या जिन्याशी निघतो आपण."

बोलून गेल्यावर बाबांच्या लक्षात आलं. अप्पांच्याही. माझ्या तर आलंच.

"तुला रे काय ठाऊक त्याचा मागचा जिना?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रामकडे. घामाने त्यांची कॉलर भिजली होती. "शनिवारी," ते म्हणाले. "कचेरी सुटली की आम्ही इराण्याकडे चहा घेतो. तीन वर्षं झाली. त्याला मस्कापाव आवडतो."

"लीलाला ठाऊक आहे?"

"लीला त्याला लोणचं पाठवते."

अप्पा फुटपाथच्या कडेला मटकन बसले. मी घाबरले. पण ते हसत होते, खांदे हलवून. आणि मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे गंगाला न भेटलेला घरात मी एकटाच?"

बाबांनी मानपत्र खिशात आणखी खाली सारलं.

"चार वर्षं मला वाटत होतं की मी त्याला घराबाहेर ठेवलंय," अप्पा म्हणाले. "घर सगळं त्याच्याकडेच होतं. बाहेर मी होतो." त्यांनी दुसरी चप्पल घातली. "चल रे मन्या. दाखव तुझा बोळ."

आणि बाबा, जे आयुष्यात कधी ठरलेला कार्यक्रम सोडून गेले नव्हते, ते पुढे झाले.

*

काका शिडीवर होता. हिरव्या फाटकावर मोठी पाटी चढवली होती आणि तिच्यावर बल्बांनी 'महाराष्ट्र' लिहायचं चाललं होतं. सात वाजता पेटवायचं होतं, शेवटचं अक्षर बाकी होतं. खाली शकूकाकी बल्बांची टोपली धरून, आणि भोवती चाळीतले लेझीमवाले कमरेला शेले बांधून तयार.

काकाने मला पुढे सांगितलं की त्याला वरून आधी गुलाल पडलेलं पागोटं दिसलं आणि त्याला वाटलं, मिरवणुकीतला कुणी भाविक म्हातारा चुकला. मग त्या म्हाताऱ्याने वर पाहिलं.

"गंगा, खाली ये," अप्पा म्हणाले.

"काम चालू आहे."

"मला बोलायचंय."

"बोला. मला ऐकू येतं. तुमचा आवाज काय, नाशिकपर्यंत जातो."

शकूकाकीने पदर सावरला आणि हळूच "सलाम, मामंजी" म्हणाली. अप्पांनी आपली सून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी तिला सलाम केला, मग शिडी पकडली, कारण ती हलत होती.

"आज शेवटचं कीर्तन आहे माझं," ते म्हणाले. "पूर्वरंग झाला. उत्तररंग सोडून आलोय. तुझ्याशी समेट केल्याशिवाय..."

"अच्छा!" काकाने वरून मान वाकवली. "म्हणजे शेवट गोड करायचाय. त्यासाठी उधळ्या पाहिजे. मी यायचं, तुम्ही मिठी मारणार, लोक डोळे पुसणार. अप्पा, तेव्हा हसवायला मी, आता रडवायला मी. तुमच्या आख्यानातून माझी सुटका केव्हा?"

बाबा म्हणाले, "गंगा, असं..."

"तू चूप रे दादा."

लेझीमवाले एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं. कारण काकाचं बरोबर होतं. मी अप्पांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांनाही ते बरोबर वाटलंय हे मला दिसत होतं.

शिडी तशीच धरून अप्पा म्हणाले, "खरं आहे. येऊ नकोस."

"काय?"

"येऊ नकोस. कीर्तन राहू दे अर्धं. चाळीस वर्षांत एखादं अर्धं राहिलं तर प्रभू काही रागावत नाही. मी इथेच थांबतो. शिडी धरतो तुझी. हलतेय ती."

"अप्पा!" बाबा म्हणाले. "दीडशे माणसं बसलीत तिथे!"

"लीला आहे," अप्पा म्हणाले. "सूनबाई, किती राहिले गं बल्ब?"

"ष्ट्रला मेले अठरा लागतात," शकूकाकी म्हणाली. "सहा झाले."

अप्पांनी टोपलीतून एक बल्ब उचलला, अंगरख्याने पुसला आणि वर दिला. काकाने एक क्षण वाट पाहिली, मग घेतला. लावला. मग दुसरा. बाबा घड्याळाकडे बघत होते. पाचव्या बल्बाला त्यांनी घड्याळ बघायचं सोडलं आणि टोपली हातात घेतली.

अकराव्या बल्बाला अप्पा बोलले. शिडीकडेच बघत.

"त्या दिवशी तू दारातून आलास ना, तेव्हा मला आधी आनंदच झाला होता. पण हात चिपळीवर होते. आणि समोर दोनशे माणसं. कीर्तनकाराला टाळीची चटक लागते गंगा, हशाची तर फारच. मी मुलगा दिला आणि हशा घेतला. आणि शास्त्रात काय लिहिलंय? मुलगा अजून दूर आहे तोच बापाने पाहिला आणि धावत गेला. ते वाक्य मी हजार वेळा म्हटलंय. धावून मात्र दाखवलं नाही. मी चुकलो रे."

काका वर थांबला होता. त्याच्या हातातली पकड दिसत होती, तोंड दिसत नव्हतं.

"इथे नको," तो शेवटी म्हणाला. "इथे कुणी हसलं नव्हतं मला. जिथे हसले तिथे म्हणा."

"चल मग."

"एक बल्ब राहिलाय."

"लाव की!"

त्याने लावला, बटण दाबलं, आणि अख्खं अक्षर भक्कन पेटलं. चाळीतून जो आरडाओरडा झाला, बाई गं! काका खाली उतरला. अप्पा आणि तो समोरासमोर उभे राहिले आणि दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचेना. शेवटी काकाने अप्पांच्या गुडघ्याकडे पाहिलं. "चालत आलात?"

"थोडा धावलोही. सुनूला विचार."

नव्हते धावले. पण मी "हो" म्हटलं.

*

आता सभागृहातलं. मी तिथे नव्हते, पण आईने, आजीने आणि कुशाबांनी मला ते तीन तऱ्हेने सांगितलंय, आणि तिघांचं जिथे जुळतं ते हे.

मध्यंतराचं भजन अप्पांनीच रचलेलं आहे, दोन ओळींचं. "उशीर झाला तरी ये रे, दिवा अजून आहे." एरवी पाच मिनिटांत संपतं. आईने ते धरलं आणि धरूनच ठेवलं. पाव तासाने लोक चुळबुळले. अर्ध्या तासाने पाळकसाहेबांनी आईला हाताने खूण केली, आता थांबा, मी आशीर्वाद देतो. आईची बोटं बधिर झाली होती. तिने हात उचललाच होता.

तेवढ्यात आजी उभी राहिली. आजी आणि आई यांचं सतरा वर्षांत मीठ किती यावरसुद्धा एकमत झालेलं नाही.

"लीला," आजी म्हणाली, "हात काढलास तर बघ."

"आत्याबाई, बोटं गेली माझी!"

"मग मी भाता ओढते. तू एका हाताने वाजव." आणि आजी व्यासपीठावर चढली, पेटीमागे बसली आणि भाता ओढायला लागली. मग समोर बघून म्हणाली, "पाळकसाहेब, माझा नवरा माझ्या मुलाकडे गेलाय. आशीर्वाद द्यायची घाई करू नका, अजून मागायचा बाकी आहे. आणि प्रमुख पाहुणे, तुम्ही नुसते सरबत काय पिताय? म्हणा!"

मुख्याध्यापक उठून उभे राहिले आणि म्हणायला लागले. त्यांचा सूर भलताच होता म्हणे. पण पहिल्या रांगेतला एवढा मोठा माणूस बेसूर गातोय म्हटल्यावर सगळ्यांना धीर आला. पुरुष एक ओळ, बायका एक ओळ. मग अर्धे बसून, अर्धे उभे. कुशाबा सांगतात, चाळीस वर्षांत ती चाल त्यांना त्या दिवशी कळली.

आम्ही आलो तेव्हा ते रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. आणि आमच्या मागे लेझीम, हलगी आणि अख्खी चाळ.

*

अप्पा व्यासपीठावर गेले. काका मागच्या रांगेपाशी भिंतीला टेकून उभा राहिला, त्याच जागी, मुद्दाम. लेझीमवाले बायकापोरांसकट दारांत आणि खिडक्यांत.

अप्पांनी चिपळ्या घेतल्या नाहीत. मोकळ्या हातांनी बोलले.

"छप्पन साली या जागेवरून मी माझ्या मुलाला हशा करून तुम्हाला वाटला. तो तुरुंगातून सरळ इथे आला होता, कारण हेच त्याचं घर होतं. मी त्याला घराबाहेर काढलं. ते पाप माझं आहे आणि मी त्याची आणि प्रभूची क्षमा मागतो." मग त्यांनी हात वर केला. "तेव्हा जे हसले त्यांनी हात वर करा. पहिला माझा."

कुणी हलेना. मग बाबांचा हात वर गेला. मग पेटीमागून आईचा. माझा. कुशाबांचा, तबल्याची शाई लागलेला. पाळकसाहेबांचासुद्धा! बघता बघता हातच हात झाले. लेझीमवाल्यांपैकी एकाने, जो त्या दिवशी तिथे असायचा प्रश्नच नव्हता, त्यानेही भिडेपोटी केला.

काका भिंतीपाशी उभा राहून ते सगळे हात बघत होता. "करा खाली," तो म्हणाला. "झालं. सोडलं मी. अप्पा, आख्यान पुरं करा आता. लोक ताटकळलेत."

"मला पुढचं येत नाही," अप्पा म्हणाले.

"हजार वेळा केलंत की!"

"बापाचं येतं. मुलगा घरी आल्यावर त्याला काय वाटलं, ते मी कधी सांगितलंच नाही. मला ठाऊकच नव्हतं. तू सांग."

"मी? मी वायरमन आहे अप्पा!"

पण मागून शकूकाकीने त्याला ढकललं आणि लेझीमवाल्यांनी पुढे लोटलं. अप्पा तीन पायऱ्या उतरत होते तेव्हा तो चढत होता. पायरी अरुंद आहे आमची, एका वेळी एकच मावतो. दोघं तिथे अडकले, आणि तिथेच, कुणाला नीट दिसायच्या आत, त्यांनी एकमेकांना घट्ट धरलं. गुलाल काकाच्या शर्टाला लागला. मिठी संपली आणि अप्पा खाली उतरले.

काका व्यासपीठावर उभा राहिला. हातांचं काय करावं ते कळेना म्हणून ते त्याने खिशात घातले, मग आईने डोळे वटारले म्हणून काढले.

"तर तो मुलगा घरी आला," तो म्हणाला. "बापाने झगा दिला, अंगठी दिली. ते सगळं ठीक आहे. पण गोष्टीत एक लिहिलेलं नाही. त्याला वाटेत सारखं वाटत होतं की घरात आपली जागा कुणीतरी घेतली असेल. आपलं ताट कुणीतरी वापरत असेल. आणि आला तर ताट तसंच. कुणी गुपचूप लोणचं वाढत होतं, कुणी चहा पाजत होतं. त्याला कळेना की आपण घर सोडलं होतं की घराने आपल्याला धरून ठेवलं होतं." तो थांबला. "आणि दुसरं म्हणजे त्याला भूक लागली होती. ते पुष्ट वासरू नंतर कापलं त्यांनी, आधी गाणीबजावणी. मी सांगतो ना, त्याला आधी जेवायला हवं होतं. मी सकाळपासून शिडीवर आहे."

काय हसले लोक! आजी पेटीचा भाता सोडून हसत होती. मुख्याध्यापकांनी तर खुर्चीचा हात बडवला.

अप्पा मधल्या वाटेत उभेच होते. बसायला जागा नव्हती, आणि खाली बसायची सवयही नव्हती. शेवटी आजी व्यासपीठावरून उतरली, सतरंजीवर बसली आणि शेजारच्या बाईला सरकवून वीतभर जागा केली. अप्पा गुडघा सांभाळत तिथे बसले.

"बघ, पुढचं वाक्य जरा लांबवायला हवं होतं त्याने," ते आजीच्या कानात म्हणाले, "म्हणजे मग..."

"ऐका आता," आजी म्हणाली.

काका पुढे सांगायला लागला, अडखळत, मध्येच गिरणीतले शब्द वापरत. अप्पांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, मान थोडी तिरकी केली आणि दोनशे माणसांमधलं एक माणूस होऊन ऐकायला लागले.